दोनदा आलेला क्रम

दोराची लोकरी मूठ खाली आली, ग्वेंडाने ती धरून ओढली, आणि सोडता सोडता तिच्या लक्षात आलं की हे मघाशी होऊन गेलंय. एक, चार, दोन, सहा, तीन, पाच. वर मनोऱ्यात सहा घंटा या क्रमाने वाजल्या होत्या, आणि आठ मिनिटांपूर्वीही अगदी याच क्रमाने वाजल्या होत्या. तिने हात थांबवले नाहीत. डोक्यावर पाव टनाची घंटा कोलांट्या घेत असताना हात थांबवता येत नाहीत. तिने फक्त समोर पाहिलं.

सहा जण गोल करून उभे होते, प्रत्येकाच्या हाती एकेक दोर. डेझमंडचे कान लाल झाले होते. हाका देण्याचं काम त्याचं. तो मधूनच 'बॉब' असं ओरडायचा आणि त्यासरशी घंटांची वाट बदलायची. बाकीच्या पाचांनी वाजवताना तोंड उघडायचं नाही, ही आल्डरकोमच्या मनोऱ्यातलीच काय, साऱ्या इंग्लंडातल्या मनोऱ्यांतली रीत. सहा घंटांचे सातशे वीस क्रम होतात. ते सगळे एकेकदा वाजवायचे, एकही दुसऱ्यांदा यायला नको, आणि हे सगळं कागदाकडे न बघता. पंचवीस मिनिटं लागतात. आणि आज डेझमंडची एक हाक राहून गेली होती.

मग त्याने पुढे हाका इकडच्या तिकडे करून गाडी रुळावर आणली होती. शेवट बरोबरच होणार होता. चर्चच्या आवारात बाकावर बसलेल्यांना किंवा पलीकडच्या कुरणातल्या गाईंना काही फरक कळणार नव्हता. पण सातशे विसातले काही क्रम दोनदा वाजले होते आणि तेवढेच काही मुळी वाजलेच नव्हते. असं झालं की हे लोक त्या वाजवण्याला चुकीचं म्हणत नाहीत. खोटं म्हणतात. आणि खोटं वाजवणं मनोऱ्याच्या नोंदवहीत लिहायचं नसतं.

"झालं," डेझमंड म्हणाला. घंटा पुन्हा एक-दोन-तीन-चार-पाच-सहा अशा शहाण्यासारख्या वाजू लागल्या. "थांबा."

सहाही दोर थांबले. मनोरा थोडा वेळ गुणगुणत राहिला. मग सगळे विल्फकडे वळले, कारण हा सारा खटाटोप त्याच्यासाठी होता. विल्फ आज ऐंशी वर्षांचा झाला होता आणि तरीही सर्वांत जड, सहावी घंटा त्याचीच होती. ती ताकदीने वाजत नाही, वेळ साधून वाजते, असं तो प्रत्येक नवख्याला सांगायचा.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, म्हातारबुवा," टॅम्सिन म्हणाली आणि तिने त्याच्या गालाचा पापा घेतला. टॅम्सिन सव्वीस वर्षांची, एक्सेटरमधल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. तिला त्याचे पैसे मिळतात याचं ग्वेंडाला नेहमी नवल वाटे.

"छान वाजलं," विल्फ म्हणाला. त्याने हे कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता म्हटलं.

"छानच," डेझमंड म्हणाला.

ग्वेंडाने दोर गुंडाळून खुंटीला अडकवला. शेजारच्या खुंटीवर तिचा कोट होता, आणि कोटाच्या खिशातून पांढऱ्या लिफाफ्याचं टोक वर आलं होतं. तिने ते बोटाने आत ढकललं.

लिफाफा सकाळी आला होता. बावीस महिने ती या लिफाफ्याची वाट पाहत होती. डॉक्टरांच्या तीन भेटी, चाळीस पानांचे फॉर्म, लहानपणीची प्रगतिपुस्तकं, सगळं झालं होतं. फॉर्म भरायला टॅम्सिनच बसली होती तिच्याबरोबर, कारण 'तुम्हाला गर्दीत कधीकधी त्रास होतो का' या प्रश्नाशी ग्वेंडा पाऊण तास अडून राहिली होती. कधीकधी म्हणजे आठवड्यातून किती वेळा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता उत्तर आलं होतं आणि तिला ते फोडवत नव्हतं.

तुला ऑटिझम आहे, असं त्यात लिहिलेलं असेल याची तिला भीती नव्हती. नाही, असं लिहिलेलं असेल याची होती. चार वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला तिची धाकटी बहीण पॉलीन भरल्या चर्चमध्ये आईबद्दल बोलत होती. आई एकसष्ट सालच्या वसंतात या गावात आली, असं ती म्हणाली, आणि पहिल्या बाकावरून ग्वेंडा म्हणाली, "बासष्ट. ऑक्टोबर." पॉलीन थबकली, पुढे बोलू लागली, आणि पुन्हा एकसष्ट म्हणाली. ग्वेंडानेही पुन्हा सांगितलं. नंतर चहाच्या वेळी पॉलीन तिला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुला काही झालेलं नाही, ग्वेंडा. तू दुष्ट आहेस, बस्स." त्यानंतर त्या दोघी बोलल्या नव्हत्या. लिफाफ्यात 'नाही' असेल, तर पॉलीनचं खरं होतं.

"केक कापा कुणीतरी, नाहीतर ह्यू बोटानेच सुरू करेल," रोवेना म्हणाली. केक तिने केला होता, लिंबाचा, वर साखरेचा कडक पापुद्रा. ह्यू तिचा नवरा, गुरांचा डॉक्टर. दिवसभर मेंढ्यांशी बोलून त्याचे शब्द संपलेले असत, असं तिचं म्हणणं. तो चौथी घंटा वाजवायचा, ती तिसरी.

थर्मासमधून चहा ओतला गेला. डेझमंडने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मनोऱ्याचा कारभार बावीस वर्षं त्याच्याकडे होता आणि प्रत्येक कागदाची तो चार घड्या घालायचा.

"पाद्रीबाईंना सोमवारपर्यंत जाहिरात हवी आहे. दारावर लावायला. नवीन माणसं यायला हवीत. मी लिहिलंय, ऐका." त्याने चष्मा लावला. "या, घंटा वाजवायला शिका. व्यायाम, मैत्री, चहा. नर्ड असण्याची अट नाही."

"शेवटचं वाक्य खोडा," टॅम्सिन म्हणाली.

"का? लोक घाबरतात. त्यांना वाटतं इथे सगळे चक्रमच जमतात."

"मग त्यांना आल्यावर काय सांगणार? गैरसमज झाला नव्हता म्हणून?"

विल्फ हसला. "मला एक सांग पोरी. नर्ड आणि गीक यांत फरक काय? माझा नातू मला कधी हे म्हणतो, कधी ते. नक्की कधी रागवायचं ते मला कळत नाही."

टॅम्सिन पायरीवर मांडी ठोकून बसली. हा तिचा आवडता विषय होता. "गीकला एखाद्या गोष्टीचं वेड असतं आणि तो ते मिरवतो. त्याच्या अंगात तसा टी-शर्ट असतो. नर्डला त्या गोष्टीचं सगळं माहीत असतं, आणि कुणी विचारलं नाही तरी तो सांगतो."

"आणि ॲनोरॅक?" विल्फने विचारलं. "आमच्या वेळी ॲनोरॅक म्हणायचे. टोपीचं जाकीट घालून फलाटावर उभे राहून इंजिनांचे नंबर टिपणारे."

"ॲनोरॅक कुणाला सांगत नाही. तो वहीत लिहितो."

"माझ्या अकरा वह्या आहेत," विल्फ म्हणाला. "म्हणजे मी ॲनोरॅक. चला, ऐंशीव्या वर्षी कळलं एकदाचं."

"आमच्याकडचा नर्ड," रोवेना म्हणाली आणि तिने सुरी ह्यूकडे रोखली. "लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी जेवायला बाहेर गेलो. मेणबत्त्या, वाइन, सगळं. तर याने मला मेंढीच्या पोटात होणारे चौदा प्रकारचे जंत सांगितले."

"सतरा," ह्यू म्हणाला.

सगळे हसले. ग्वेंडाही हसली, पण चहा न पिताच तिने कप खिडकीत ठेवला. एक, चार, दोन, सहा, तीन, पाच. हा क्रम आता तिच्या डोक्यातून हलायला तयार नव्हता. कपड्यात कुसळ शिरावं तसं ते होतं. दुसऱ्या कुणाला दिसत नाही आणि आपल्याला दुसरं काही सुचत नाही. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की आज बोलायचं नाही. म्हाताऱ्याचा वाढदिवस आहे. मूग गिळून बसायचं. इतर माणसं रोज बसतात, त्यांना काही होत नाही.

"पण हल्ली त्याला दुसरं नाव आहे ना," डेझमंड म्हणाला. "न्यूरो काहीतरी. परवा रेडिओवर एक बाई सांगत होती."

"न्यूरोडायव्हर्स," टॅम्सिन म्हणाली. "मी आहे की. एडीएचडी, चांगली शिक्का मारलेली. घरी कागद आहे."

"ते ठीक. पण मी म्हणतो, त्या अर्थाने आपण सगळेच थोडेथोडे असतोच की."

टॅम्सिनने केकचा तुकडा बशीत परत ठेवला. तिचा आवाज मात्र हसराच राहिला. "पावसात आपण सगळेच थोडेथोडे भिजतो, डेझमंड. म्हणून सगळे मासे होत नाहीत."

"मला वाईट म्हणायचं नव्हतं."

"माहीत आहे. चांगलं म्हणायचं होतं, तेच तर. तुम्ही एकदा 'सगळेच थोडेथोडे' म्हणालात, की मग मी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते तो नुसता वेंधळेपणा. आठ वर्षं तो वेंधळेपणाच होता. आईचा जीव मेटाकुटीला यायचा आणि माझा मेंदू नुसता शिव्या खायचा. कागद आला त्या दिवशी मी बसस्टॉपवर बसून रडले. आनंदाने."

ग्वेंडाने खिडकीबाहेर पाहिलं. टॅम्सिनने तिच्याकडे पाहिलं नाही, पण खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं, हे ग्वेंडाला न वळताही कळलं.

"मला मात्र ही लेबलं पटत नाहीत," रोवेना म्हणाली. "लेबल बरणीला लावायचं. माणसाला नाही."

"तू बरणीला तरी कुठे लावतेस?" विल्फ म्हणाला. "मागच्या नाताळात जॅम समजून कांद्याची चटणी केकमध्ये घातली होतीस."

"ते वेगळं."

"बिशपनी खाल्ला होता तो केक, बाळा. दोन घास खाल्ले आणि मग त्यांनी बराच वेळ प्रार्थना केली."

रोवेनालाच इतकं हसू आलं की तिला सुरी खाली ठेवावी लागली. विल्फने कपातला चहा गोल फिरवला. "मला शाळेत मठ्ठ म्हणायचे. मग सैन्यात विक्षिप्त म्हणायला लागले. रेल्वेत गेलो तर तिथे काटेकोर म्हणाले. आता गावात म्हणतात, विल्फ म्हणजे एक वल्ली आहे. नावं बदलत गेली, मी आपला तिथेच उभा. पण खरं सांगू, मठ्ठ होतो तेव्हा फार वाईट वाटायचं. तेव्हा दुसरं एखादं नाव कुणी दिलं असतं, तर मी घेतलं असतं."

रोवेनाने त्याला केकचा दुसरा तुकडा दिला.

"चला, लिहून टाकतो," डेझमंड म्हणाला.

कोपऱ्यातल्या कपाटातून त्याने मोठी वही काढली. कातडी बांधणीची, कडा झिजलेल्या. या मनोऱ्यात शंभर-सव्वाशे वर्षांत जे काही पुरं वाजलं ते सगळं तीत शाईने लिहिलेलं होतं, आणि खोटं असं एकही नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. डेझमंडने वही टेबलावर उघडली. तारीख लिहिली. पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"विल्फचं पूर्ण नाव विल्फ्रेडच ना?"

"बावीस वर्षं तेच लिहितोयस."

"विचारलेलं बरं." त्याने पेनाचं टोक टिपकागदावर टेकवून पाहिलं. मग पुन्हा एकदा. "कुणाला काही सांगायचं आहे का? लिहिण्याआधी? तळटीप वगैरे?"

ह्यू छताकडे बघत होता. टॅम्सिन नखं कुरतडत होती. विल्फला अचानक बुटाची नाडी बांधायची होती. पेन कागदाकडे निघालं. पुन्हा चर्च, पुन्हा सगळी माणसं, पुन्हा चूक दाखवणारी ग्वेंडाच. आता ही माणसंही जाणार, असं तिला स्पष्ट वाटलं. दर शनिवारी दुपारी जिथे तिला यावंसं वाटतं अशी ही एकच खोली, आणि तीही आता जाणार. तरीही तिचं तोंड उघडलंच.

"लिहू नकोस."

पेन थांबलं.

"एक क्रम दोनदा आला," ती म्हणाली. आता आवरणं शक्य नव्हतं. "एक, चार, दोन, सहा, तीन, पाच. आठ मिनिटांच्या अंतराने. तिथून पुढचेही बरेच दोनदा आले. माफ कर, विल्फ. वाढदिवस आहे, मला कळतं. पण ते खोटं आहे."

खाली चर्चमध्ये कुणीतरी फुलांच्या बादल्या हलवत होतं, तेवढा आवाज वर येत होता. ग्वेंडा कोटाकडे हात नेत होती, इतक्यात ह्यू बोलला.

"तो दुसरा," तो म्हणाला. "दोनदा आलेला पहिला क्रम त्याच्याही आधीच्या वळणावर होता. मी आणि विल्फ तिथेच मागेपुढे होतो."

ग्वेंडा वळली. "तुला कळलं होतं?"

"हं."

"मग बोलला का नाहीस?"

"केक होता," ह्यू म्हणाला.

"थांबा, थांबा," टॅम्सिन उठली. "मला वाटलं मलाच तसं वाटतंय. मला वाटलं माझंच लक्ष भरकटलं असेल, नेहमीसारखं. अर्धा तास झाला, मी जाहिरातीबद्दल बडबडत्येय, कारण गप्प बसले असते तर तोंडातून हेच निघालं असतं."

विल्फने नाडी सोडून दिली आणि तो सरळ बसला. त्याच्या चेहऱ्यावरची दहा वर्षं कमी झाल्यासारखी दिसत होती. "सुटलो रे देवा. मला वाटलं मी ऐंशीचा झालो म्हणून तुम्ही सगळे माझी कीव करताय. म्हाताऱ्याला कुठे कळतंय, जाऊ दे, असं. मी म्हटलं, वाढदिवसाला मन मोडू नये पोरांचं, म्हणून मीही छान वाजलं म्हणालो. आयुष्यात एवढं मोठं खोटं बोललो नव्हतो."

सगळ्यांनी डेझमंडकडे पाहिलं. त्याने पेनाला टोपण लावलं, अगदी सावकाश, आणि दोन्ही तळहात वहीवर ठेवले.

"तिसरी हाक राहिली माझी. तिथेच थांबवायला हवं होतं मी. पण विल्फसाठी होतं ना. मग वाटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही तर..." त्याने मान हलवली. "लिहिलं असतं, तर दर वेळी ही वही उघडताना मला लाज वाटली असती. तू बोललीस, ग्वेंडा, माझा जीव भांड्यात पडला."

ग्वेंडाने खिडकीतला कप उचलला. चहा गार झाला होता. तिने तो सगळा पिऊन टाकला.

"एक मिनिट," रोवेना म्हणाली. ती आळीपाळीने एकेकाचं तोंड बघत होती. "म्हणजे तुम्हा सगळ्यांना कळलं होतं? मला तर काहीच कळलं नाही. मला वाटलं मस्त झालं. म्हणजे या खोलीत मी एकटीच..."

ह्यूने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असतं असं एखाद्याचं," तो म्हणाला. "आम्ही तुला सांभाळून घेऊ."

विल्फ इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. टॅम्सिन तर पायरीवर आडवीच झाली. ग्वेंडाही हसली, आणि या खेपेला तिच्या डोक्यात दुसरं काही चाललं नव्हतं.

डेझमंडने घड्याळ पाहिलं. "चार वाजलेत. पाचला लग्नाची तालीम आहे. पुन्हा वाजवायचं तर आत्ताच."

"वाजवायचंच," विल्फ म्हणाला. "ऐंशीचा मी आजच आहे."

"मग हाका ग्वेंडा देईल."

ग्वेंडाचा हात दोरावर होता, तो तिथेच राहिला. एकोणीस वर्षं ती वाजवत होती. एकतीस वर्षं तिने जिल्ह्यातल्या सगळ्या बसगाड्यांची वेळापत्रकं बनवली होती आणि हाकांचा तक्ता तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी म्हणता आला असता. पण हाका तिने कधी दिल्या नव्हत्या. कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, तिने नको म्हटलं होतं.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "कुणी चुकताना दिसलं की मला राहवत नाही. मी ओरडेन."

"अगं, मग?" डेझमंड म्हणाला. "हाका देणाऱ्याचं काम तेच तर असतं. मी नाही ओरडलो, म्हणून तर हे झालं."

त्याने हे सहज म्हटलं, दोर सोडवता सोडवता, आणि तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला. ग्वेंडानेही आपला दोर सोडवला. चार वर्षं जी गोष्ट ती ओठांमागे कोंबून ठेवत होती, तिची या खोलीत एक ठरलेली जागा होती, आणि ती जागा आत्ता रिकामी होती. तिला रडू येईल असं वाटलं. ते आलं नाही, पण दोराची मूठ तिने एरवीपेक्षा घट्ट धरली.

पहिली घंटा टॅम्सिनची. तिने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "तयार? ही निघाली," ती म्हणाली, आणि दोर ओढला. "गेली."

पहिली हाक ग्वेंडाने इतक्या हळू दिली की विल्फने भुवया वर केल्या. दुसरी नीट ऐकू गेली. तिसरी, जी मघाशी राहिली होती, ती तिने अशी दिली की खाली फुलांच्या बादल्यांचा आवाज थांबला. मग तिला भीती उरली नाही. क्रम येत होते आणि जात होते, प्रत्येक नवा, आणि ती त्यांना दारातून आत येणाऱ्या ओळखीच्या माणसांसारखं एकेक करून पाहत होती. दहाव्या-बाराव्या मिनिटाला टॅम्सिनचं लक्ष क्षणभर उडालं आणि तिची घंटा एक पाऊल मागे राहिली.

"टॅम्सिन, पुढे ये," ग्वेंडा म्हणाली.

टॅम्सिन पुढे आली आणि दोर ओढता ओढता तिने मान लववली. आभार मानल्यासारखी. चूक दाखवल्यावर कुणी आपल्याला अशी मान लववल्याचं ग्वेंडाला आठवत नव्हतं. नंतर तिने ह्यूला एकदा थांबवलं, रोवेनाला दोनदा वाट दाखवली, आणि डेझमंडला म्हणाली, "पाच, फार घाई करतोस." डेझमंडनेही मान लववली.

सातशे वीस. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. "झालं," ती म्हणाली. "थांबा."

या खेपेला कुणी छान वाजलं असं म्हटलं नाही. विल्फने नुसते डोळे पुसले आणि दोष धुळीला दिला. डेझमंड टेबलाशी बसला आणि एकदाही न अडखळता त्याने सहा नावं लिहिली.

"तळटीप," तो लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला. "विल्फच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त. आणि खाली, हाका देण्याची पहिली वेळ, दोन."

"दोन म्हणजे मी," ग्वेंडा म्हणाली, जणू कुणाला शंका असेल. मनोऱ्यात माणसं आपल्या घंटेच्या नंबराने ओळखली जातात.

"आणि जाहिरात?" रोवेनाने विचारलं.

"शेवटचं वाक्य खोडलं," डेझमंड म्हणाला. "त्याच्या जागी लिहितो, नर्ड नसाल तरी सांभाळून घेऊ."

लोक कप गोळा करू लागले. ग्वेंडा खुंटीपाशी गेली, कोट अंगात घातला आणि खिशातून लिफाफा काढला. टॅम्सिन तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. ग्वेंडाने अंगठ्याने कड फाडली. आत दोन पानं होती, वर दवाखान्याचं नाव, खाली तिचं. ती पहिली ओळ वाचू लागली आणि थांबली.

"डेझमंड, ते पेन दे जरा."

पेन आलं. ग्वेंडाने कागद भिंतीला टेकवला, 'मार्च' या शब्दावर पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली, वर 'मे' लिहिलं, आणि शेजारी आपली आद्याक्षरं केली. टॅम्सिन डोकावून बघत होती. तिने हात तोंडावर दाबून धरला.

"काय गं?" ग्वेंडा म्हणाली.

"काही नाही. पुढचं वाच."

ग्वेंडाने पुढचं वाचलं. पहिलं पान, मग दुसरं, मग पुन्हा पहिल्या पानाचा मधला परिच्छेद. त्यात 'नाही' कुठेच नव्हतं. तिने कागदाची घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

"काही विशेष?" रोवेनाने टेबल पुसता पुसता विचारलं.

"जन्मतारीख चुकली होती," ग्वेंडा म्हणाली. "आता बरोबर आहे." आणि ती केकचा शेवटचा तुकडा घ्यायला टेबलाकडे गेली.